वार्तिककाराचें काम

आमच्या पुतण्याचा एक उद्योग घरांतील मंडळींस उमगत नाहीं. संगणकावर मजकूर लिहिण्याचें 'विम' नांवाचें एक साधन आहे. ब्राम मूलेनार ह्या डच गृहस्थांनीं तें १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यास आज्ञा देण्याची स्वतंत्र भाषा असून, तिचे नियम सांगणारा संदर्भग्रंथ साधनाबरोबरच मिळतो. त्या ग्रंथांतील चुका शोधून पुतण्या रात्रीं दुरुस्त्या पाठवितो. वेतन कांहीं नाहीं.

२०२२ सालीं ह्या साधनाची नववी आवृत्ति निघाली व भाषेस नवें रूप आलें. मूल्यास नांव देतांना जुन्या रूपांत 'लेट' लिहितात. नव्यांत तो शब्द चालत नाहीं, 'व्हार' लिहावें लागतें. परंतु जुनें रूपही चालूच आहे. तेव्हां कोणता नियम कोणत्या रूपाचा, हें ग्रंथांत स्पष्ट नसेल तर शिकणारा फसणारच. ३ ऑगस्ट २०२३ रोजीं मूलेनार निवर्तले. काम मात्र इतरांनीं पुढें चालविलें, आणि २ जानेवारी २०२४ ची ९.१ ही आवृत्ति त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

"पण ह्यांत मिळतें काय?" असें मंडळी विचारतात. आम्हांस कात्यायन आठवतो. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार; त्यांवर त्यानें वार्तिकें रचिलीं. सांगितलेलें, राहून गेलेलें आणि चुकीचें सांगितलेलें, ह्या तिहींचा विचार म्हणजे वार्तिक. पुतण्या तरी दुसरें काय करतो?

हें काम न केल्यास काय होतें, तें आम्हीं अनुभविलें आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हां आम्ही वैनगंगेकाठच्या एका गांवीं नवेच शिक्षक होतों. वर्गांत बदल सांगितला खरा, पण टिपणवहींतील तालुक्यांचा तक्ता जुनाच राहिला. पुढील वर्षीं एका मुलानें परीक्षेंत सिरोंचा चंद्रपूर जिल्ह्यांत लिहिलें, आणि आम्हीं त्याचा गुण कापला. त्यानें वही पुढें केली व हळूच म्हटलें, "गुरुजी, हें आपलेंच अक्षर आहे." गुण परत दिला, लाज अजून गेली नाहीं.

वाचकहो, आपल्या घरींही औषधांची यादी, देण्याघेण्याची वही असेलच. पुढचा माणूस तीवर विसंबून चालणार आहे. ह्या रविवारीं ती एकदां उघडून पाहावी, आणि जें बदललें असेल तें तारखेसह लिहून ठेवावें.