बोलावणाऱ्या घराचे कर्तव्य

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहराला लागूनच पिरनवाडी येते. जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. अशा नाक्यावरच्या गावांतून हल्ली खांद्याला जड पिशवी अडकवून स्कूटरवर निघालेल्या मुली दिसतात. पिशवीत मेणाचा डबा, दोरा, फेशियलची क्रीमे, नवरीच्या मेकअपचे साहित्य. एरवी टिळकवाडी, वडगाव, शहापूर; लग्नसराईत सीमा ओलांडून चंदगडपर्यंतही. जिला दुकानाचे भाडे परवडत नाही, तिला घरोघर जाऊन केलेले हे पार्लरचे काम हाच संसाराचा आधार होय.

या कामात धोका आहे आणि तो सहज दिसत नाही. फोनवर बाईचा आवाज असतो. दार मात्र एकटा पुरुष उघडतो. काम बंद खोलीतले. परत फिरावे तर मजुरी आणि पेट्रोल दोन्ही बुडतात. घडले ते घरी सांगावे, तर घरचेच म्हणतात, ‘उद्यापासून जाऊ नकोस.’ म्हणून पुष्कळ जणी गप्प राहतात. अपराध दुसऱ्याचा, आणि रोजगार जातो हिचा.

मोठ्या शहरांतही हेच आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राम येथे अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर घरोघर जाणाऱ्या सौंदर्यसेविकांनी धरणे धरले. कमिशनबरोबरच सुरक्षेचाही प्रश्न त्यांनी मांडला होता. कर्नाटकाने २०२५ साली ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु स्वतःच्या ओळखीवर काम मिळवणारी पिरनवाडीची मुलगी कोणत्याच ॲपवर नाही.

कायदा अगदीच मुका नाही. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली कामाच्या जागेवरील लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. पार्लरच्या नोकरीतील मुलगी कामानिमित्त जेथे जाईल, ती जागाही त्यात कामाचीच धरली आहे. दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची. स्वतंत्र व्यवसाय करणारीस हा आधार तितका स्पष्ट नाही. तिने सरळ पोलिसांकडे जावे. अडचणीत ११२ हा क्रमांक आहेच. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवलीच पाहिजे. ‘हे महाराष्ट्रात घडले, तिकडे जा’ हे उत्तर सीमाभागातील मुलीने ऐकून घेऊ नये.

तिने स्वतःही काही पथ्ये पाळावीत. नव्या घरी पहिल्या खेपेस दोघींनी जावे. पत्ता आणि परतण्याची वेळ घरी कळवावी. येण्याजाण्याचा खर्च आगाऊ घ्यावा, म्हणजे दारातून परत फिरणे जड जात नाही. परंतु सारी सावधगिरी तिच्याच गळ्यात बांधून आपण मोकळे होणे बरे नव्हे.

आम्ही गाण्याच्या शिकवण्या घरोघर करणारे. जुन्या घरांची एक रीत आम्ही पाहिली आहे. शिकवणी सोप्यावर चाले, दार उघडे असे, आणि कोपऱ्यात आजी वाती वळत बसलेली असे. त्याला कोणी पहारा म्हणत नसे. मास्तरांनाही त्यात अपमान वाटत नसे. ती रीत घरच्या मुलीसाठी होती. आता घरात दुसऱ्याची मुलगी येते. तिच्यासाठी तीच रीत का नसावी?

तिला बोलवाल त्या वेळी घरातली बाई घरी असावी. खोलीला आतून कडी घालण्याचा आग्रह नको. काम चालू असता पुरुषमंडळींनी त्या बाजूस फिरकू नये. आयत्या वेळी ‘आमच्या यांचेही जरा करा’ असे म्हणू नये. मजुरी ठरल्याप्रमाणे हातावर ठेवावी. हळदीच्या रात्री उशीर झाला, तर घरच्या एखाद्या बाईने सोबत घेऊन तिला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवावे. सुईणीला कंदील घेऊन आणणारी आणि पोचवणारी आपलीच घरे होती.

यास पैसा लागत नाही, समितीही लागत नाही. पिशवी घेऊन आलेली मुलगी जशी आली तशी आपल्या घरी पोचली की नाही, एवढे विचारणे हे बोलावणाऱ्या घराचेच काम आहे.