चार अंडी, पाच ताटे

सकाळच्या घाईत आपल्या बऱ्याच घरांतला नाश्ता म्हणजे कपभर चहा आणि त्यात बुडवलेली खारी किंवा बिस्किटे. तेवढ्यापुरते पोट भरते. पण दहाच्या सुमारास मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही आणि कामावर गेलेल्या आईला थकवा येतो. म्हणून या वेळी आम्ही अंडी व पालेभाजीचा नाश्ता सुचवीत आहोत.

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बलकात अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे असतात, तेव्हा बलक टाकू नये. अंड्यात क जीवनसत्त्व नसते आणि चोथाही नसतो. ही उणीव पालेभाजी, टोमॅटो आणि लिंबू भरून काढतात.

आता घरातला हिशेब पाहू. अंडी चार, माणसे पाच. मग काय होते, ते आपण सर्वजणी जाणतो. आधी घरच्या पुरुषांना, मग मुलाला, उरले तर मुलीला. आणि आई कढईला लागलेले पुसून भाकरी खाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. याची कारणे अनेक आहेत; ताटातली वाटणी हे त्यांतले एक.

शाळेवरही विसंबता येत नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपविले. तेव्हा सुरुवात घरातूनच करायला हवी.

कृती सोपी आहे. मेथी, पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला दोन मुठी घ्या. आधी धुवा, मग चिरा. २ कांदे, १ टोमॅटो व २ हिरव्या मिरच्या बारीक चिरा. थोड्या तेलात कांदा-मिरची परतून पाला, टोमॅटो व पाव चमचा हळद घाला आणि पाणी आटू द्या. भाजी कोमट झाली की त्यात ४ अंडी, पाण्यात कालवलेले ३ मोठे चमचे बेसन आणि मीठ घालून फेटा. डावाने मोजून पाच सारख्या पोळ्या तव्यावर घाला. झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. आत कच्चे राहू देऊ नका. सोबत रात्रीची भाकरी चालेल. वरून लिंबू पिळा, म्हणजे पाल्यातले लोह अंगी लागते. चहा मात्र तासाभराने घ्यावा. तो जेवणासोबत घेतल्यास लोह कमी शोषले जाते.

अंडे ताजे आहे का, हे पाण्यात टाकून पाहावे. ताजे तळाशी बसते, जुने तरंगते.

कांदा चिरायला घरातल्या पुरुषांनाही बसवावे. आणि वाढताना एवढे लक्षात ठेवावे, की पाच पोळ्या पाच जणांच्या आहेत. पाचवी आईची आहे. ती कोणी मागितली म्हणून देऊन टाकू नये.