आधी नीट पाहा, मग शस्त्र उचला

ठाण्याच्या कोलशेतमध्ये आज टोलेजंग गृहसंकुले उभी आहेत. अशा संकुलांतले नोकरदार घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत रोज तास घालवतात आणि दिवसा डोळे मिटू लागले की दोष प्रवासाला देतात. पण त्यामागे असू शकणाऱ्या घोरण्याकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची पाहणी केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडखळण्याचा आणि त्यामुळे दिवसा झापड येण्याचा विकार आढळला.

यावर पहिला उपाय सीपॅप यंत्राचा, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा. मुखवटा सोसवत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि खरी कसोटी तिथे लागते. जागेपणी घसा मोकळा दिसतो. तो मिटतो झोपेत. म्हणून १९९१ साली लंडनच्या क्रॉफ्ट आणि प्रिंगल या डॉक्टरांनी औषधाने झोप आणून दुर्बिणीतून घसा पाहण्याची पद्धत मांडली. अडथळा मऊ टाळूचा, घशाच्या बाजूंचा, जिभेच्या मुळाचा की कंठच्छदाचा, हे तीत उलगडते. जिभेचे मूळ मागे पडत असताना नुसता टाळू कापला, तर वेदना रुग्णाच्या वाट्याला येतात आणि घोरणे तसेच राहते.

पण लाळ साचली, भिंगावर वाफ धरली, तर दुर्बीण असूनही दिसत नाही. लाळ खेचायला नळी घातली की रुग्ण चाळवतो. भूल घाईने चढवली तर स्नायू अवाजवी सैल पडतात आणि नसलेला अडथळाही दिसू लागतो. यावरचे उपाय साधे आहेत: गरज पाहून आधी लाळ कमी करणारे औषध, भिंगाला वाफ धरू न देणारे द्रावण, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन या झोप आणणाऱ्या औषधाची हळूहळू वाढवलेली मात्रा, आणि प्राणवायूवर नजर ठेवणारा भूलतज्ज्ञ. यासाठी यंत्रापेक्षा वेळ आणि शिस्त अधिक लागते.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी सामान्यांना परवडेल अशी आणि नियमित व्हावी. रुग्णांनीही शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे, ‘माझा श्वास नेमका कुठे अडतो, ते चित्रीकरणात दाखवाल का?’ ज्याचे उत्तर स्पष्ट दिसत नाही, त्या घशावर शस्त्र चालवू नये.