व्हीगन बारमधील पेला नितळ कशाने झाला?

नवी दिल्ली : व्हीगन बारची पाटी पाहून आत शिरलेला ग्राहक प्रथम ताटलीविषयी विचारतो. भाजीला तुपाची फोडणी आहे का, मुरवणात दही आहे का, पनीर आहे की टोफू? याची उत्तरे दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरात मिळतात. तितक्याच साधेपणाने पेल्यातील पेयाविषयी विचारले, तर मात्र वेटरला, बारचालकाला आणि पुष्कळदा वितरकालाही खात्रीचे उत्तर देता येत नाही. वस्तीतल्या अशा छोट्या बारची ही खरी अडचण आहे आणि तिचे मूळ लेबलांच्या नियमांत सापडते.

खाद्यपदार्थांचा भाग तुलनेने सोपा आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश दूध उत्पादन करणाऱ्या या देशात ‘शाकाहारी’ या शब्दात दूध, दही, तूप गृहीत असते. व्हीगन आहारात ते वर्ज्य असते. तरीही शेंगदाणे, फुटाणे, मसाला पापड, कांदाभजी, बटाटेवडा हा आपल्याकडचा नेहमीचा चखणा बहुतांशी आपोआपच व्हीगन आहे. अडते ते तंदूरपाशी आणि मखनी रश्श्यापाशी. तेथे काजूची वाटण आणि नारळाचे दूध कामी येते.

कॉकटेलमध्येही तोडगा निघाला आहे. व्हिस्की सावरवर फेस यावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक फेटून घालण्याची जुनी पद्धत आहे. काबुली चणे शिजवून उरलेले पाणी तसाच फेस देते, हे २०१४ मध्ये फ्रान्समधील एका प्रयोगातून पुढे आले आणि ‘अक्वाफाबा’ या नावाने जगभरच्या बारमध्ये पोहोचले. पुरणाच्या डाळीचे पाणी फेकून न देता कटाची आमटी करणाऱ्या घरांना त्याचे फारसे नवल वाटू नये. आपण ते मद्यात घातले नव्हते, इतकेच.

खरा प्रश्न बाटलीबंद वाइन आणि बिअरचा आहे. आंबवल्यानंतर ही पेये गढूळ असतात. ती नितळ करण्यासाठी अंड्यातील अल्ब्युमिन, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा आयसिंग्लास वापरण्याची परंपरा आहे. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून केलेला पदार्थ. त्यातील कोलॅजेन यीस्टच्या कणांना धरून तळाशी बसते आणि वरचे पेय स्वच्छ होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील घोळ माशाला मोठा भाव मिळतो, तोही मुख्यतः या पिशवीमुळेच. २०२१ मध्ये पालघरच्या एका मच्छीमाराला घोळ माशांच्या एका खेपेचे कोटीहून अधिक रुपये मिळाल्याची बातमी गाजली होती. नितळ झालेल्या पेयात या पदार्थांचा अंश अत्यल्प उरतो किंवा उरतही नाही. त्यामुळे चव पाहून किंवा वास घेऊन काहीच कळत नाही.

पर्याय नाहीत असे नाही. बेंटोनाइट ही माती आणि वाटाण्याचे प्रथिन वाइनसाठी वापरले जाते, तर कारखान्यातील बहुतेक लागर बिअर यंत्राने गाळली जाते. डब्लिनच्या गिनेसने आयसिंग्लास सोडण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर केला आणि पुढील काही वर्षांत अमलात आणला. फेणी, रम, व्हिस्की यांसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांबाबत तर हा प्रश्न क्वचितच येतो, कारण गाळ भट्टीतच मागे राहतो. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गोव्याची काजू फेणी या दृष्टीने कोणत्याही व्हीगन बारची निर्धास्त बाटली ठरावी.

आता नियमांकडे वळू. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या व्याख्येत मद्य हेही ‘अन्न’च आहे. जून २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या व्हीगन खाद्यपदार्थ नियमनानुसार केवळ घटकच नव्हे, तर प्रक्रियेत वापरलेली साहाय्यक द्रव्येही प्राणिजन्य नसली पाहिजेत. म्हणजे आयसिंग्लासने नितळ केलेली बिअर व्हीगन म्हणून विकता येत नाही. दुसरीकडे, २०२० च्या लेबलिंग नियमनाने शाकाहारी-मांसाहारी चिन्हाच्या सक्तीतून मद्याला सूट दिली आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जे चिन्ह अनिवार्य, ते वाइनच्या बाटलीवर नाही. असते तरी केसीनचा उलगडा त्याने झाला नसता, कारण दूध आपल्या नियमांत शाकाहारीच आहे. परिणामी पाळायची अट काटेकोर आहे आणि ती पाळण्यासाठी लागणारी माहिती देण्याचे बंधन कोणावरच नाही. बारचालक मग उत्पादकांना पत्रे लिहितात किंवा स्वयंसेवकांनी जमवलेल्या बार्निव्होरसारख्या आंतरजालावरील सूचीवर विसंबतात.

युरोपही येथे फार पुढे नाही. तेथे दूध वा अंड्याचा अंश उरल्यास वाइनच्या लेबलावर तसे नमूद करावे लागते, परंतु बिअर व वाइन नितळ करणाऱ्या आयसिंग्लासला ॲलर्जी-सूचनेतून स्पष्ट सूट आहे.

हा प्रश्न मूठभर व्हीगन मंडळींचा म्हणून सोडून देता येणार नाही. कट्टर शाकाहारी कुटुंबातील, पण अधूनमधून वाइन घेणाऱ्या ग्राहकालाही माशाच्या पिशवीविषयी जाणून घ्यायला आवडेल. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य हे त्याचे प्रमाण कितीही अल्प असले तरी उघड केले पाहिजे, असे बजावले होते. नितळ करणारे द्रव्य ‘घटक’ मानायचे की केवळ प्रक्रियेचे साधन, या शब्दच्छलात ते तत्त्व मद्यापुरते अडकून राहिले आहे.

अंतिम पेयात काही उरतच नाही, मग लिहायचे काय, हा उत्पादकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तथापि, व्हीगन नियमनाने अंशाचा नव्हे, तर वापराचा निकष स्वीकारला आहे. आयात मद्याच्या बाटल्या बदलाव्या लागतील ही सबबही टिकत नाही, कारण त्यांवर आयातदाराचे नाव आणि वैधानिक इशारा देणारी चिकटपट्टी आजही लावली जाते. ‘नितळ करण्यासाठी वापरलेले द्रव्य’ ही एक ओळ त्याच पट्टीवर मावू शकते.