लक्ष्मी चंचल, की आपली बुद्धी?

आश्विन अमावास्या समीप आली की पुण्याच्या महात्मा फुले मंडईभोवती झेंडूच्या राशी, लाह्या-बत्तासे, पणत्या आणि नव्या केरसुण्या यांची दाटी होते. केरसुणीलाही लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहणारी आपली परंपरा. लक्ष्मी केवळ नाण्यांत नसून श्रमात आणि स्वच्छतेत आहे, हा त्यातील भाव. या पूजेला आता आणखी एक अंग जडले आहे. मुंबईच्या शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीत सुमारे तासाभराचा मुहूर्ताचा व्यवहार होतो, आणि मंडईच्या परिसरातील श्रद्धाळू कुटुंबेही हल्ली त्या मुहूर्तावर हातातील फोनवरून चार शेअर घेतात. निवडणुकांचे वारे वाहू लागले की कीर्तनानंतर बुक्का लावून घेताना आम्हांस हमखास विचारणा होते : "बुवा, सरकार बदलणार म्हणतात, आता कोणत्या धंद्याचे शेअर घ्यावेत?"

हा प्रश्न कीर्तनकाराला का विचारावा, असे कोणी म्हणेल. आमच्या मते अवश्य विचारावा. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक असून त्याचे स्थान धर्माच्या पाठोपाठ आहे. तुकोबाराय देहूचे वाणी. तराजू त्यांच्या घरी पिढीजात होता. तेव्हा कष्टाच्या पैशाने उद्योगात भागीदार होणे हे पाप नव्हे. अमुक शेअर घ्या, असे सांगण्याचा अधिकार मात्र आमचा नाही. आम्ही एवढेच सांगू की गादीवर कोण बसणार यावरून धंदा निवडणे हा अक्षांचा डाव आहे, आणि लोकांच्या गरजेवरून तो निवडणे ही शेती आहे.

मंडईकडेच पाहा. ही अष्टकोनी वास्तू १८८६ मध्ये उभी राहिली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. पुढे गव्हर्नर गेले, साम्राज्य गेले, वास्तूला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव लाभले. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला, आणि २०२४ मध्ये तिच्या पोटाखालून मेट्रोही धावू लागली. इतकी सत्तांतरे झाली, तरी सकाळी कोथिंबिरीची जुडी घ्यायला माणूस येतोच. जे अन्न, औषध, वस्त्र, वीज, दळणवळण माणसाला कोणत्याही राज्यात लागते, त्या उद्योगांचा पाया सिंहासनाच्या पायांहून खोल असतो.

मग सत्तेचा उद्योगावर काहीच परिणाम होत नाही काय? होतो, आणि तो नाकारणे हे भाबडेपण ठरेल. १९ जुलै १९६९ रोजी १४ खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत पुण्यातच जन्मलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. भागधारकांच्या हातातील बँका एका रात्रीत सरकारच्या झाल्या. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने अनेक परदेशी कंपन्यांना येथील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. काहींनी आपले शेअर भारतीय जनतेला दिले; कोका-कोलाने मात्र १९७७ मध्ये जनता राजवटीत गाशा गुंडाळला आणि १९९३ मध्ये ती परत आली. एकाच कायद्याने कोणाला दार उघडले, कोणाला ते मिटले. हे आधी कोणी ओळखावे?

१९९१ चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या जुलैत नव्या सरकारने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन काढले. तोवर आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि वालचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या मोटारींनाही परवान्याच्या कुंपणाचे संरक्षण होते. कुंपण गेले. बजाज पुढे स्कूटर मागे ठेवून मोटारसायकलीकडे वळली आणि टिकली; प्रीमियरची पद्मिनी शतक पालटता पालटता थांबली. सत्तांतर तेच, धोरण तेच, धंदाही वाहनांचाच; फळे मात्र निराळी. म्हणून 'अमुक सरकार आले की अमुक धंदा तेजीत' हे सूत्र अर्धवट आहे. सरकारच्या कृपेवर उभा असलेला उद्योग आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासावर उभा असलेला उद्योग यांतील भेद ओळखणे, हा खरा विवेक.

हा विवेक मंडईत जाणाऱ्या गृहिणीला उपजत असतो. ती सगळ्या पैशांचे वांगेच घेत नाही. भाजी, फळे, कांदे-बटाटे, लिंबे अशी पिशवी भरते. वरचा टवटवीत थर पाहून भुलत नाही, खालची भाजी उलटून पाहते. शेअर घेतानाही चार निरनिराळे उद्योग घ्यावेत, म्हणजे एकावर राजाचा कोप झाला तरी चूल पेटती राहील. ताळेबंद उलटून पाहावा : कर्ज किती, नफा खरोखर हाती येतो की कागदावरच राहतो, लाभांश किती वर्षे अखंड आहे. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : या कंपनीने दोन-तीन निरनिराळ्या राजवटी पचवल्या आहेत काय?

याउलट जे चालले आहे ते चिंताजनक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या नादाने घर गमावलेल्या जुगाऱ्याची व्यथा त्यात आहे, आणि फासे टाकून शेत नांगर, असा उपदेश आहे. आजचे फासे हातातल्या फोनमध्ये आहेत. १९८२ मध्ये स्थापन झालेला पुण्याचा शेअर बाजार मंडईपासून जवळच, सदाशिव पेठेत होता. २०१५ मध्ये तो इतिहासजमा झाला. तेव्हा सौदा करायला दलाल गाठावा लागे, आता बोट लावले की पुरे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत तीन वर्षांत १०० पैकी ९३ व्यक्तींनी पैसे गमावले, आणि सर्वांचे मिळून नुकसान १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेले. हा व्यापार की द्यूत, हे वाचकांनीच ठरवावे.

निकालाच्या दिवसांची नोंदही पाहावी. १७ मे २००४ रोजी सत्तांतराच्या धास्तीने सेन्सेक्स ५६४ अंकांनी कोसळून ४,५०५ वर आला; त्याच वर्षाच्या अखेरीस तो ६,६०० वर होता. ४ जून २०२४ रोजी तो सुमारे ४,३९० अंकांनी पडला आणि ७ जूनला पडण्यापूर्वीच्या पातळीच्याही वर गेला. प्रत्येक वेळी असेच घडेल, असा याचा अर्थ नव्हे. पण त्या दिवशी भीतीने विकणाऱ्याचे नुकसान राजाने केले नाही, त्याच्या उतावळेपणाने केले.

लक्ष्मीपूजनानंतर बलिप्रतिपदा येते. तीही एका सत्तांतराचीच कथा. भागवताच्या अष्टम स्कंधात शुक्राचार्य बळीला सांगतात की धनाचे पाच वाटे करावेत : धर्मासाठी, कीर्तीसाठी, धनवृद्धीसाठी, उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. असे करणारा इहलोकी व परलोकी सुखी होतो. उद्योगात घालावयाचा तो यांपैकी एक वाटा. मुलीच्या शिक्षणाचा, आईच्या औषधाचा पैसा त्यात नको. बळीने गुरूचे न ऐकता सर्वस्व दिले हे खरे. पण त्याने ते वामनाला, दिल्या वचनासाठी दिले. कुजबुजत्या 'टीप'वर सर्वस्व लावणाऱ्याने स्वतःस बळी म्हणवून घेऊ नये.

तेव्हा वाचकहो, यंदा पूजेच्या चौरंगावर वहीबरोबर एक कागद ठेवावा. कोणत्या उद्योगात पैसा घातला, का घातला, आणि सरकार कोणतेही आले तरी तो तेथे का राहू द्यावा, हे त्यावर स्वहस्ते लिहावे. ज्याचे कारण लिहिता येत नाही, तो शेअर घेऊ नये. लक्ष्मीला आपण चंचला म्हणतो. तिला स्थिर आसन देणे हे आपल्या बुद्धीच्या हाती आहे. ती स्थिर बुद्धी सर्व घरांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.