दुधातील प्रथिनांची मोजदाद

दुधात पाणी किती, हा वाद आपल्या घराघरांत रोजचाच. प्रथिने किती, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भुकटीच्या डब्यावर छापलेला आकडा आपण निमूटपणे मान्य करतो. तो येतो कोठून?

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेली रीत आजही प्रमाण मानली जाते. (ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची, केल्डाल यांना धान्यातील प्रथिने मोजावयाची होती!) दुधाचा मोजका नमुना तीव्र गंधकाम्लात उकळला की प्रथिने पार मोडून जातात व त्यांतील नत्र अमोनियम सल्फेटच्या रूपाने उरते. कॉस्टिक सोडा घालून तापविल्यावर सुटणारा अमोनिया आम्लात धरून मोजतात. त्यावरून निघालेल्या नत्राला ६.३८ ने गुणले की प्रथिनांचा आकडा तयार. कारण दुधाच्या प्रथिनांत शेकडा सुमारे १५.७ भाग नत्र असते.

म्हणजे मोजले जाते ते नत्र. निर्भेळ दुधातही त्यातले शेकडा पाचसहा भाग युरियासारख्या प्रथिनेतर पदार्थांचे असतात. तेवढा फरक व्यवहारात खपून जातो. परंतु २००८ साली चीनमध्ये याच फटीतून केवढा अनर्थ शिरला! पाणी घातलेल्या दुधाचा आकडा सावरण्यासाठी त्यात मेलामाइन मिसळले गेले. ताटल्या बनविण्याच्या कामी येणाऱ्या या रसायनात वजनाच्या दोनतृतीयांश नत्रच असते. दूध परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि त्याची भुकटी प्यालेल्या सुमारे तीन लाख बालकांना बाधा झाली. कित्येकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले, सहा तान्ह्या मुलांचे प्राण गेले. केल्डालांच्या रीतीला दोष देणे आम्हांस पटत नाही. नत्राचे उत्तर प्रथिनांचे म्हणून खपविले, हा दोष माणसांचा.

दूध नासले की चोथा व पाणी वेगळे होतात, हे गृहिणींना सांगावयास नको. प्रयोगशाळेत हेच काम ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने अधिक कसून करतात. प्रथिने गाळात बसतात, युरिया व मेलामाइन पाण्यात राहतात. मग केवळ गाळातील नत्र मोजावयाचे. अमिडो ब्लॅक नावाचा रंग प्रथिनांना चिकटतो, युरियाला नाही. त्यावरही एक रीत आधारलेली आहे. मोठ्या डेअऱ्यांतील अवरक्त किरणांची यंत्रे मिनिटभरात आकडा देतात खरी, पण त्यांचे माप जुळविण्यास अखेर केल्डालांचीच रीत लागते. मेलामाइनची तपासणी मात्र स्वतंत्रपणेच करावी लागते. बालकांच्या दूधभुकटीत ते किलोमागे एक मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २०१० साली घातली.