एक हात मोकळा ठेवा

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही उभयता शिखरजीच्या यात्रेहून परतत होतो. पहाटेची वेळ, स्थानक लहान, गाडीचा थांबा दोन मिनिटांचा आणि फलाट डब्याच्या पायरीपेक्षा बराच खाली. माझ्या उजव्या हातात एक मोठी सूटकेस, डाव्या हातात दुसरी आणि खांद्यावर फराळाची पिशवी. मी कसाबसा उतरलो. मागून पत्नी म्हणाली, ‘‘अहो, जरा हात द्या.’’ मी सूटकेस खाली ठेवून वळेपर्यंत तिचा पाय घसरला होता. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

मधुबनहून पर्वतावर जाऊन, सर्व टोंकांची वंदना करून परत येईपर्यंत सत्तावीस किलोमीटरची चाल होते. ती चाल तिने वयाच्या बासष्टाव्या वर्षी काठीच्या आधाराने पूर्ण केली होती. त्या दिवशी आमच्याजवळ एक काठी आणि एक माळ याखेरीज काहीही नव्हते. सामान सगळे धर्मशाळेत होते. प्रवासातला सर्वांत कठीण दिवस आम्ही रिकाम्या हातांनी सुखरूप पार पाडला आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर, सपाट भूमीवर, सामानाने आम्हांला पाडले. दोष रेल्वेचा नव्हता, अंधाराचाही नव्हता. तो माझ्या दोन सूटकेसचा होता.

पुढचे काही दिवस घरकाम माझ्याकडे आले. त्यात सूटकेस रिकाम्या करण्याचे कामही होते. बँकेत पस्तीस वर्षे तपासण्या केल्या आणि करवून घेतल्या. ती सवय जात नाही. मी प्रत्येक वस्तू पलंगावर मांडली आणि वहीत दोन रकाने आखले : ‘वापरली’ आणि ‘वापरली नाही’. एकूण त्रेसष्ट वस्तू निघाल्या. त्यांतील सव्वीस अकरा दिवसांत एकदाही बाहेर आल्या नव्हत्या. दोन जादा स्वेटर, तिसरी शाल, इस्त्री, चार चादरी, न उघडलेला लाडवांचा डबा. व्यापारी वाचकांना सांगायला नको की दुकानात असा माल असला, तर त्याला आपण पडीक माल म्हणतो. त्यात भांडवल अडकते, जागा अडते आणि उचल-ठेव करणाऱ्याची पाठ मोडते. आमच्या घरात मनगट मोडले.

या वस्तू आम्ही का घेतल्या होत्या, याचा विचार केला तेव्हा प्रत्येकीमागे एकच शब्द सापडला, ‘असू द्या’. थंडी वाढली तर असू द्या. पाहुणे भेटले तर असू द्या. कपडे वाळले नाहीत तर असू द्या. गरजेला मोजमाप असते, धास्तीला नसते. म्हणून धास्तीने भरलेली बॅग कधीच पुरेशी मोठी ठरत नाही.

आमचे वडील सोनगीरहून कापडाच्या खरेदीसाठी कधी सुरतेला, कधी मुंबईला मूळजी जेठा मार्केटमध्ये जात. त्यांचे सामान मला आजही डोळ्यांपुढे दिसते. एक कापडी पिशवी, तीत धोतर-सदऱ्याचा एक जोड, टॉवेल, दशम्यांचे फडके आणि फिरकीचा तांब्या. आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. तो तांब्याही येथल्याच तांबटाच्या हातचा होता. झाकण पिळून बसवले की पाण्याचा थेंब सांडत नसे, आणि झाकण काढले की तोच पेला होई. एका वस्तूकडून दोन कामे घ्यावीत, हा प्रवासाचा नियम त्या तांबटाला ठाऊक होता. पैसे कमरेच्या कशात. दोन्ही हात मोकळे. येताना नमुन्यांचे गाठोडे हाती असे, पण ते व्यापाराचे होते, धास्तीचे नव्हे.

मग आपल्या घरांत कडक पत्र्यासारख्या सूटकेस आल्या आणि त्यांच्यामागून चाके आली. चाकांच्या सूटकेसचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले. उभी चालणारी, वर ओढता येणाऱ्या दांड्याची बॅग रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ मध्ये तयार केली. सोय मोठीच झाली. परंतु चाकांमुळे वजन हाताला कळेनासे झाले. हाताला कळत नाही म्हणून आपण भरत गेलो. आणि ज्या ठिकाणी चाके चालत नाहीत, म्हणजे एस.टी.ची पायरी, रेल्वेचा पूल, धर्मशाळेचा जिना, तेथे ते सारे वजन एकदम अंगावर येते.

रेल्वेच्या नियमांकडे पाहा. शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात प्रत्येकी ४० किलो, द्वितीय वातानुकूलित वर्गात ५० किलो सामान विनाशुल्क नेता येते. याउलट बहुतेक भारतीय विमान कंपन्या साध्या वर्गात हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा घालतात. बँकेची कर्जमर्यादा मंजूर झाली म्हणून ती पूर्ण उचललीच पाहिजे असे नाही, हे मी आयुष्यभर खातेदारांना सांगत आलो. स्वतः मात्र रेल्वेची मर्यादा पूर्ण उचलत होतो. रेल्वे ४० किलोची परवानगी देते, ते उचलायला माणूस देत नाही. म्हणून आम्ही ठरवले की वाहन कोणतेही असो, मर्यादा विमानाची धरायची. माणशी एक बॅग, सात किलो.

आता बॅग निवडण्याविषयी. प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघेही धुळ्याच्या बाजारात गेलो. तेथे आणि नंतरच्या वापरात जे कळले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट बारदान. पोत्याचे वजन वजा केल्याशिवाय आपण धान्य घेत नाही. मग बॅग घेताना का विसरतो? कडक कवचाची, चार चाकांची लहान सूटकेसही रिकामी असताना अडीच ते तीन किलो भरू शकते. सात किलोंतील तीन किलो बारदानातच गेले, तर मालासाठी उरले चार. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची, पाठीवर अडकवता येणारी मऊ बॅग किलो-सव्वा किलोत मिळते. आपल्या दुकानात काटा आहेच. बॅग विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून वजन करून घेण्यात संकोच कशाला?

दुसरी गोष्ट माप. विमानात साधारणपणे लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरपर्यंत चालते. म्हणजे ५५, ३५ आणि २५. हे माप चाके व मूठ धरून घ्यायचे असते. बॅगेवरच्या चिठ्ठीवर विसंबू नये, घरची टेप लावावी. कंपनीगणिक नियमांत थोडा फरक पडतो, तेव्हा तिकिटावरील सूचना प्रत्येक वेळी वाचावी.

तिसरी गोष्ट चाके घ्यावीत की पट्टे. ज्यांची पाठ किंवा खांदे दुखतात, त्यांनी दोन मोठ्या चाकांची हलकी बॅग घ्यावी. लहान चार चाके विमानतळाच्या फरशीवर छान फिरतात, पण आपल्या गावांतील रस्त्यांवर टिकत नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी रुंद पट्ट्यांची, छातीवर व कमरेवर बंद असलेली पाठीवरची बॅग घ्यावी. मी ती घेतली, पत्नीने चाकांची घेतली. दोघांना एकच बॅग सोयीची असते असे नाही.

चौथी गोष्ट चेन आणि शिवण. बॅग बहुधा कापडात फाटत नाही, चेनीत फाटते. बॅग फुगवून भरायला लावावी आणि कोपऱ्यावरून चेन पाच-सहा वेळा फिरवून पाहावी. ती झोपवून पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी असावी. वरून तोंड असलेल्या बॅगेत खालची वस्तू काढायला सगळा संसार मांडावा लागतो. आणि मुठीवर, कोपऱ्यांवर, चेनीच्या दोरीवर चामड्याचे तुकडे नाहीत ना, हे आपल्या मंडळींनी आवर्जून पाहावे. आपल्या तीर्थांवर त्याची अडचण होते.

शेवटची कसोटी घरी. बॅग भरून ती एकट्याने डोक्याच्या उंचीवर उचलून ठेवावी, मग एका हातात घेऊन घराचा जिना चढावा. दुसरा हात कठड्यावर राहिला पाहिजे. हे जमले नाही तर बॅग नव्हे, आतले सामान बदलावे.

आत काय भरावे? कपड्यांचे तीन जोड पुरतात : एक अंगावर, एक बॅगेत, एक वाळत. रात्री धुतलेले सकाळी वाळावे यासाठी जाड सुती कापडाऐवजी मिश्र धाग्याचे घ्यावे. सर्वांत जड जोडे व सर्वांत जाड स्वेटर अंगावर घालून निघावे. औषधे, चष्मा, कागदपत्रे अशी वरच्या कप्प्यात. मोबाइलची पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, मोठ्या सामानात ती देता येत नाही. चाकू-अडकित्त्यासारखी धारदार वस्तू घरीच ठेवावी. सामायिकाचे आसन, मुहपत्ती व माळ यांना वजन असे नाहीच.

खरी अडचण फराळाची. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, कंदमूळ वर्ज्य, बाहेरच्या पदार्थांचा भरवसा नाही. त्यामुळे आपल्या कुटुंबांच्या सामानात सर्वांत जड पिशवी हीच असते, आणि ती ‘असू द्या’मध्ये मोडत नाही. परंतु तिलाही हिशेब हवा. जितक्या जेवणांची सोय वाटेत होणार नाही, तितक्यांचेच खाकरे, दशम्या व कोरडी चटणी घ्यावी. मुक्कामाला पोहोचल्यानंतरचे नव्हे. परदेशी विमानप्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातला द्रव चालत नाही, आणि तूप, लोणचे हेही त्यातच धरले जातात. घरचे तूप सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सोडून द्यावे लागते तेव्हा जीव हळहळतो.

हा नियम सर्वत्र लागू पडेल असा माझा दावा नाही. घरचे लग्न असेल, तान्हे मूल बरोबर असेल, मुलीची पहिली दिवाळी असेल, तर सामान वाढणारच. पत्नीनेही मला बजावले की साड्यांचा हिशेब सदऱ्यांच्या हिशेबाने करू नका. तिचे म्हणणे रास्त होते. तिच्या बॅगेत चौथी साडी गेली आणि माझ्या बॅगेतून दुसरे पुस्तक बाहेर आले. मर्यादा मोडली नाही, आतली वाटणी बदलली.

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सकाळी चौदा नियम धारतात. त्यांत आज वस्त्रे किती, पादत्राणे किती, वाहने किती, हेही येते. लहानपणी मला त्याचे प्रयोजन कळत नसे. आता कळते की त्यातली खुबी मर्यादा किती लहान ठेवली यात नाही, ती सकाळीच ठरवली यात आहे. आधी सामान काढून मग त्याला मावेल अशी बॅग शोधली, तर बॅग वाढतच जाते. आधी बॅग ठरली की वस्तूंना आपापली गरज सिद्ध करावी लागते.

यंदा चैत्रात आम्ही लेकीकडे बंगळूरला गेलो. निघताना दुकानदार शेजाऱ्याच्या काट्यावर वजन केले : माझी बॅग ६ किलो ४०० ग्रॅम, तिची ५ किलो ९००. लेक दारात पाहतच राहिली. म्हणाली, ‘‘पप्पा, बाकीचं सामान मागून येतंय का?’’ पंधरा दिवस राहिलो, काही अडले नाही. एक रुमाल मात्र कमी पडला, तो तेथेच घेतला.

परतताना धुळ्याला बस थांबली तेव्हा रात्र झाली होती. बसची पायरी उंच होती. मी पाठीवर बॅग घेऊन आधी उतरलो, तिची बॅग एका हाताने खाली ठेवली आणि दुसरा हात वर केला. तिने तो धरला आणि सावकाश उतरली. त्या मनगटाला अजून थंडीत कळ येते.

सुट्यांचे दिवस जवळ येत आहेत. आपल्यापैकी अनेक जण यात्रेला, मुलांकडे, कोणी परदेशी निघतील. बॅग कोणत्याही कंपनीची, कोणत्याही रंगाची घ्या. मात्र ती उचलल्यावर बरोबरच्या माणसासाठी आपला एक हात मोकळा राहतो ना, एवढे घरीच पाहून घ्या.